हुकूम कुणाचा

१४ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

शशिधर सरांकडून पहिलं प्रकरण परत आलं. एकोणीस पानं, आणि एकही पान लाल शाईतून सुटलेलं नाही. 'सेंच्युरियन' हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे तो खोडून वर 'शताधिपती' लिहिलंय. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की नाव शंभराचं असलं तरी त्या माणसाच्या हाताखाली ऐंशीच शिपाई असायचे. त्यावर सरांचा शेरा : 'मग उरलेले वीस कुठे गेले ते तळटीपेत द्यावे.'

कुठून देऊ? दोन हजार वर्षांपूर्वीचे वीस शिपाई मी आता कुठून हजर करू?

मी हे का करतेय ते एकदा लिहून ठेवते, नाहीतर हे सगळं रंकाळ्यात फेकून द्यायची इच्छा होईल. सहा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतेय. प्राचार्य म्हणाले, कायमच्या जागेसाठी नावावर एक पुस्तक असलेलं बरं. शशिधर सर जगाच्या इतिहासावर छोट्या पुस्तकांची माला काढतायत. इजिप्त, चीन, फ्रान्सची क्रांती हे सगळं ओळखीच्यांत वाटून झालं होतं. माझ्या वाट्याला आलं 'प्राचीन रोमच्या सैन्यातील अधिकारी'. एकतीस डिसेंबरच्या आत शंभर पानं.

आईनं विचारलं, "त्या रोमच्या फौजेचं कोल्हापुरात कुणाचं काय अडलंय गं?"

माझं अडलंय, आई. एकटीचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज उठून बघते तर दुसऱ्या प्रकरणावर पेन्सिलीच्या खुणा. आबा! चष्मा लावून, पाय दुमडून, माझ्याच टेबलाशी बसलेले. माझ्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, सुभेदार म्हणून पेन्शनीत आले, त्यालाही आता सोळा वर्षं झाली. पण सकाळी पाचला उठून कुणाची तरी तपासणी केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. आज माझी पाळी.

"आबा, हे रोमन सैन्य आहे. यात तुम्हाला काय कळणार?"

"रोमन मला येतंय. फौजेत शिकलोय."

फौजेत हिंदी इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवायचे, त्याला हे लोक 'रोमन' म्हणतात. हे त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला. त्यांना ते आधीच माहीत होतं. माझी गंमत करत होते.

मग म्हणाले, "हा तुझा सेंच्युरियन म्हंजे सुभेदारच की. शिपायातनं वर चढलेला, माणसं नावानं ओळखणारा, हातात काठी, आणि वरच्या सायबापेक्षा जास्त म्हाईत असलेला. शताधिपती कशाला लिवतीस? सुभेदार लिव."

"आणि ते वीस शिपाई?"

"त्यात काय? आमच्या कंपनीत कागदावर सव्वाशे, मैदानात नव्वद. कुणी रजेवर, कुणी दवाखान्यात, कुणी सायबाच्या बागेत."

तळटीपेत हे देता आलं असतं तर काय हवं होतं!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तीन तास कॉलेज, दोन तास ग्रंथालय. हवं असलेलं एकमेव इंग्रजी पुस्तक कुणा सरांनी नव्वद सालापासून घरी नेऊन ठेवलंय. आबांनी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

डोकं फिरायची वेळ आलीय.

चौथं प्रकरण काल संपवलं. हे आबांना आवडणारच अशी माझी खात्री होती. खरं तर त्यांच्यासाठीच जरा चटकदार लिहिलं. विषय ट्रिब्यून. एका लीजनमध्ये, म्हणजे पाचेक हजारांच्या पलटणीत, असे सहा. त्यातला एक बड्या सरदारघरचा, विशीतला, अंगरख्यावर रुंद जांभळी पट्टी. युद्ध कशाशी खातात ते माहीत नाही, पण हुद्द्यानं साठ अनुभवी सेंच्युरियनांच्या डोक्यावर. वर्ष-दोन वर्षं मिरवायचं, घरी जायचं, मोठं पद घ्यायचं. मी लिहिलं : 'हे ट्रिब्यून म्हणजे जांभळ्या पट्टीच्या शोभेच्या बाहुल्या होत्या. लढाई लढत ते सेंच्युरियन.'

मला वाटलं आबा मांडीवर थाप मारतील. खालून चढलेल्या माणसाचं मी इतकं कौतुक केलंय!

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला. म्हणाले, "बाहुली कुणाला म्हणतीस?"

"ट्रिब्यूनना."

"तू बघितलीस व्हय?"

"आबा, दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं मी कशी बघणार?"

"मग लिवायचं न्हाय." पेन्सिल टेबलावर आपटली, चपला घातल्या आणि गेले. जेवायलाही दुपारी तीनला आले.

टीका केली तर राग, कौतुक केलं तर राग. शशिधर सर परवडले, निदान लाल शाईत कारण तरी लिहितात.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आबा माझ्याशी बोलत नाहीत. आईला सांगतात, "तिला म्हणावं मीठ दे." मीठ त्यांच्या समोरच असतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज आपणहून खोलीत आले. पेन्सिल नव्हती. "पुढचं वाच," म्हणाले. मीही अबोल्याला कंटाळले होते. गेर्गोव्हियाच्या वेढ्याचा भाग वाचून दाखवला. गॉलमधलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं, डोंगरावरचं गाव. सीझरनं माघारीचं शिंग फुंकलं, पण पुढे गेलेल्या तुकड्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. त्या तटाला भिडल्या आणि कापल्या गेल्या. जवळजवळ सातशे माणसं एका दिवसात. त्यांत सेहेचाळीस सेंच्युरियन.

"सेहेचाळीस," आबा म्हणाले.

"म्हणजे बघा, पुढे राहायचे म्हणूनच इतके मरायचे. हेच मला दाखवायचंय."

"मेलं ते सुटलं. जे जगलं त्यांचं काय लिवलंय?"

"त्यांचं काही नोंदलेलं नाही."

"आणि सीझर? दुसऱ्या दिशी त्यानं काय केलं?"

"सगळ्यांना उभं करून झापलं. हुकूम नसताना पुढं गेलातच कसे म्हणून."

"म्हंजे हुकूम माझा न्हवता म्हणाला."

"नव्हताच ना त्याचा."

आबा उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "मग कसला अफसर त्यो."

आता सीझर अफसर नव्हता हेही मी पुस्तकात घालू का? सरांची दौत संपेल.

३ डिसेंबर, मंगळवार

सरांचा फोन कॉलेजात आला, शिपाई बोलवायला आला तेव्हा मी वर्गात. परत फोन केला तर सर जेवायला गेलेले. निरोप एवढाच : 'ट्रिब्यूनचे प्रकरण उत्तम. भाषा आणखी खुसखुशीत करावी.' म्हणजे जे घरात चालत नाही ते बाहेर चालतं.

७ डिसेंबर, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

काल सहा डिसेंबर. सकाळी विहारात वंदना झाली. घरी येऊन आबा पांढऱ्या कपड्यांतच अंगणात बसून राहिले. आज सकाळीही तसेच बसलेले. मी वैतागून विचारलं, "आबा, झालंय काय एकदा सांगा. मला अजून चाळीस पानं लिहायचीत."

आई भाजी निवडत होती. ती उठून आत गेली. आता वाटतं, तिला माहीत होतं.

आबा म्हणाले, "एक्काहत्तर सालातलं हाय. पूर्वेकडं होतो, डिसेंबरच. मी नायब सुभेदार. तीस माणसं, आणि वर एक लेफ्टनंट, बावीस वर्षाचं पोरगं. फौजेत येऊन दहा महिनं झालेलं. आमच्या फुडं गाव, मधी भाताची खाचरं, पहाटं पांढरंफेक धुकं. साहेब म्हणालं, तोफा सुरू हुईपतूर थांबायचं. मला ते पटंना. धुकं हाय तवर जायाचं, न्हायतर उन्हात उघडं पडतोय, असं माझं म्हणणं. साहेब माझ्या मागं होतं. बांधाच्या पल्याड, वायरलेसवाल्याशेजारी पालथं पडून बोलत हुतं. मी मागं वळून बघितलं न्हाय. बघितलं असतं तर थांबाय लागलं असतं. हात वर केला आणि चला म्हणालो."

"मग?"

"डाव्या अंगाला मशीनगन हुती. आम्हाला म्हाईत न्हवती. पाच पोरं पडली."

त्यांनी पाचही नावं घेतली, गावांसकट. मी ती इथे लिहीत नाही.

"दुपारी गाव हातात आलं. कर्नलसाहेब जीपमधनं उतरलं. समोर मी, शेजारी साहेब. 'ऑर्डर किसका था?' माझं तोंड उघडलं न्हाय, निशा. घरात तू आठ वर्षाची, तुझा भाऊ पाळण्यात. तेवढ्यात शेजारनं आवाज आला, 'मेरा, सर.' माझ्याकडं बघितलं बी न्हाय त्यानं."

पुढचं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. साहेबांच्या कागदावर शेरा बसला, त्यांना डेपोत बसवलं, चार वर्षांत त्यांनी फौज सोडली. आबा चौऱ्याहत्तर साली सुभेदार झाले.

"तू बाहुली म्हणालीस," आबा म्हणाले. "खरं सांगू, तोपतूर मी बी त्याला बाहुलीच म्हणत हुतो. पलटणीत. माणसांच्या देखत."

मी "हे आधी सांगायचं होतं," असं म्हणाले. पंचवीस वर्षं न सांगितलेलं मला आधी कधी सांगणार होते!

८ डिसेंबर, रविवार

आणखी एक. ते साहेब जिवंत आहेत. नाव शिवकुमार. गडहिंग्लज भागातलं लिंगायत घर. आणि गेली अकरा वर्षं आजऱ्यात काजूचा कारखाना चालवतात. आजऱ्यात! इथून एसटीनं तीन तास!

"तुम्हाला कधी कळलं?"

"पंच्याऐंशी साली. एक जुना हवालदार भेटला स्टँडवर, त्यानं सांगितलं."

आता कळलं की चुलतबहिणीच्या लग्नाला आजऱ्याला का गेले नाहीत, ऐन वेळी पोटात दुखायला कसं लागलं. आई म्हणाली, "मी म्हणून म्हणून थकले. म्हणतात, कुठल्या तोंडानं जाऊ."

मी म्हटलं, याच तोंडानं. येत्या रविवारी. मी येते बरोबर.

"तुझी चाळीस पानं?"

"तुमच्यामुळेच अडलीत."

१५ डिसेंबर, रविवार

जाऊन आलो. पाय दुखतायत, डोकं त्याहून. पण आजच लिहून टाकते.

आबांनी दोनदा दाढी केली. आजऱ्यात उतरलो तर म्हणतात, "आधी च्या घेऊ." चहा झाला. मग म्हणतात, "रविवारी कारखाना बंद आसंल." बंद नव्हता. काजू भाजल्याचा उग्र वास रस्त्यापर्यंत येत होता.

दारात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे गृहस्थ उभे, कपाळावर भस्माच्या पुसट रेघा, बोटं टरफलाच्या तेलानं काळी पडलेली. आबांना बघून त्यांनी नावानंच विचारलं, "दादासो साब?"

आबा ताठ उभे राहिले. हात कपाळाकडे निघाला, पण साहेबांनी तो वरच्या वर धरला आणि आत नेलं. "शिवगंगा, नीरु तगोंडु बा," अशी कानडीत हाक मारली. त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या, मला जवळ बसवून घेतलं.

आणि मग काय? दीड तास काजू! यंदा मोहोर कसा, बायका दिवसाला किती सोलतात, तेलानं हात कसे जळतात, राख कशी लावायची, इथला घनसाळ तांदूळ आता किती पिकतो. आबा मान डोलावत होते. एवढ्या लांब येऊन! मी शेवटी म्हणाले, "काका, आबांना तुमच्याशी बोलायचंय. पंचवीस वर्षं बोलायचंय."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की लहानपणी असते तर रडले असते. मग खाली बघून म्हणाले, "साहेब, त्या दिवसाचा हुकूम माझा हुता. तुमचा न्हवता. तुमची नोकरी माझ्यापायी गेली. मी गप बसलो."

साहेब हसले नाहीत. काजूचा एक तुकडा बोटांत फिरवत म्हणाले, "साब, तुमची आठवण चुकतीय. तुम्ही मागं वळून बघितलं होतं माझ्याकडं. मी मान हलवली. मगच तुम्ही हात वर केला. धुक्यात तुम्हाला नीट दिसली नसंल, पण मान मी हलवली होती. हुकूम माझाच."

"मी वळलोच न्हाय, साहेब."

"वळला होता."

"न्हाय वळलो! माझ्या मानंला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त वळकता व्हय?"

"मी बघत होतो तुमच्याकडं! तुम्ही कुठं बघत होता?"

"तुम्ही वायरलेसवर हुता, पालथं पडून!"

"उठलो होतो!"

दोघं उभे राहिले. आवाज इतके चढले की सोलणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. शिवगंगाबाईंनी त्यांना परत पाठवलं आणि मला म्हणाल्या, "यांचा आवाज एवढा मी पहिल्यांदा ऐकते." आणि त्या चक्क खूश दिसत होत्या. मला मात्र दोघांना दोन खोल्यांत कोंडावंसं वाटलं. आपली चूक आहे म्हणून भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते.

शेवटी साहेब हळू आवाजात म्हणाले, "नायब सुभेदार. मान मी हलवली होती. विषय संपला."

आबांचे हात आपोआप सावधानमध्ये पँटच्या शिवणीला लागले. "जी, साहेब."

मग जेवलो. जेवताना त्या पाच जणांतल्या एकाच्या घरी साहेब दर वर्षी पत्र पाठवतात हे कळलं. दुसऱ्याच्या घरी आबा पाठवतात, हे आम्हालाही आजच कळलं.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "बघा, उगीच पंचवीस वर्षं मनाला लावून घेतलंत. साहेबांनी मान हलवली होती. सुटलात की नाही?"

आबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "दुसऱ्यांदा केलं त्यानं."

"काय केलं?"

"काय न्हाय. झोप तू."

या माणसाला सुखात राहायचंच नाही. साहेब स्पष्ट सांगतायत की मान हलवली, आणि यांचा हट्ट वळलोच नाही. चौसष्टाव्या वर्षी आठवण दगा देणारच, हे मान्य करायला काय जातं? समोरचा माणूस तेव्हा बावीस वर्षांचा होता, त्याला जास्त स्पष्ट आठवणार.

१८ डिसेंबर, बुधवार

ट्रिब्यूनचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. 'बाहुल्या' काढून टाकलं. त्या जागी लिहिलं : 'हे तरुण अधिकारी युद्धकलेत सेंच्युरियनांहून कच्चे असत. परंतु पलटणीत जे घडे त्याला अखेर अधिकाऱ्याचे नाव लागे, आणि ते लावून घेण्यासाठीच तो तिथे असे.'

वाचलं आणि स्वतःचाच राग आला. याला पुरावा काय? सीझरचं उदाहरण तर नेमकं उलट आहे. आजऱ्याच्या काजू कारखान्याचा संदर्भ देऊ का?

आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पेन्सिल मागितली नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

पूर्ण हस्तलिखित सरांकडे दिलं, पाच दिवस आधी. सरांनी चाळलं, ट्रिब्यूनच्या पानावर थांबले. "आधार?"

"नाही, सर."

"मग हे विधान कशाच्या बळावर?"

मी म्हणाले, "सर, बाकीच्या नव्व्याण्णव पानांतलं काहीही काढा. हे राहू द्या." माझ्या तोंडून असं काही जाईल असं मलाच वाटलं नव्हतं. सरांनी लाल पेन उघडलं, बंद केलं, आणि 'शताधिपती' मात्र सगळीकडे हवंच म्हणाले. सेंच्युरियन गेले, ट्रिब्यून राहिले. प्राचार्यांना सांगायला गेले तर म्हणतात, "छापून येऊ द्या, मग बघू."

कधी बघणार, काय बघणार, काही नाही.

२९ डिसेंबर, रविवार

सहा आठवड्यांत पहिल्यांदा उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. साडेसहाला आईनं हलवलं. "हे आजऱ्याला निघालेत. बीपीच्या गोळ्या इथंच ऱ्हायल्यात. पळ."

अंघोळ नाही, चहा नाही, रिक्षा करून स्टँड. आजऱ्याची गाडी लागलेली. आबा खिडकीत, इस्त्रीचा शर्ट, ताठ, जणू परेडला निघालेत.

"सांगून जायचं होतं!"

"तुझ्या आईला सांगितलंय."

"अहो, दोन आठवड्यांपूर्वीच जाऊन आलो ना? पुन्हा कशाला?"

"साहेबाचं कार्ड आलंय. ये म्हणून."

"कशासाठी पण?"

आबांनी खिडकीतून डोकं जरा बाहेर काढलं. इतके खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"भांडण अर्धं ऱ्हायलंय की आमचं."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी निघाली, आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या हातातच राहिलं.